अंगाला न लागलेलं दूध

लुओ छाइफेंगला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या जिन्यापाशी स्टूल टाकून एका लहान कोटाच्या बाह्या आत दुमडून टाके घालत होती. कोट नवाकोरा, गुलाबी, टोपीला कानासारखी दोन टोकं असलेला. मी सहज म्हटलं, "मोठा आणलास का गं?"

"मोठा नाही, ताई. वयाचाच आहे," ती म्हणाली. दाताने दोरा तोडून तिने पुढे सांगितलं, "वयाचाच कोट हिला मोठा होतो."

ही म्हणजे तिची मुलगी, यायुन. पाच वर्षं पुरी झालेली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ती बुटाच्या नाडीशी खेळत होती. परक्याने तिला तीन वर्षांची म्हटलं असतं.

छाइफेंग आमच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहते. तालुक्याच्या गावात, शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांत अशा खोल्या आणि अशा आया पुष्कळ आहेत. नवरा लांब समुद्राकाठच्या एखाद्या शहरात कामाला, सासू-सासरे डोंगरावर, आणि ही मधेच, शाळेत जाणाऱ्या पोराला रांधून घालायला. दुपारी त्या सगळ्या आमच्या जिन्यापाशी भाजी निवडायला जमतात. मी घरीच असते, मीही माझी टोपली घेऊन उतरते. छाइफेंगची हकिगत मला तिथे, मोहरीची पानं खुडता खुडता, तुकड्यातुकड्याने कळत गेली.

तिचं सासर वर, बस जिथे वळते तिथून चढून जावं लागतं अशा गावात. यायुनचा जन्म तिथलाच. छाइफेंगने तिला वर्षभर अंगावर पाजलं आणि मग सासूच्या ओटीत घालून ती नवऱ्यामागे समुद्राकाठच्या निंगबो शहरात गेली. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. नवरा तियान माओलिन तिथे नव्या इमारतींतून फरशा बसवायचा. फरशीवाल्याचं काम आज इथे, उद्या तिथे. छाइफेंगला मात्र एका सरकारी बालवाडीच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली. भाज्या धुणं, चिरणं, मासे साफ करणं. नोकरी ठेकेदाराकडून, पण काम पक्कं, आणि मुलांच्या घरातलं म्हणून स्वच्छ.

तिथलं खाणं ती अजूनही मन लावून सांगते. सकाळी आल्या आल्या कोमट दूध. दुपारी भात, मासा नाहीतर खिमा, दोन भाज्या, सूप. झोपून उठल्यावर कापलेलं फळ. पूर्ण आठवड्याचे पदार्थ फाटकावरच्या फळ्यावर लागायचे आणि मुलांना सोडायला आलेल्या आया त्याचे फोनवर फोटो काढायच्या. माशातले काटे काढायचं काम छाइफेंगकडे. मुख्य आचारी शेन काका म्हणून होते, तोंडाने फटकळ. ते म्हणायचे, बोटं फिरव, डोळ्यांवर विसंबू नकोस, काटा डोळ्यांना फसवतो. ती बोटं फिरवायची. उरलेलं अन्न नियमाने बादलीत जायचं. घरी काही न्यायचं नाही, कोणी न्यायचंही नाही.

वर्षातून एकदा, नव्या वर्षाला, ती गावी जायची. जायच्या आधी मुलीसाठी कपडे घ्यायची. माप कुठलं घ्यायचं? तिच्या डोळ्यांसमोर रोज यायुनच्याच वयाची मुलं असायची. त्यातली एखादी मध्यम अंगाची मुलगी हेरून, तिच्या खांद्याचा अंदाज मनात धरून ती बाजारात जायची. आणि गावी पोचून कपडे घातले की बाह्या लोंबायच्या, विजार पायाखाली यायची. सासूबाई म्हणायच्या, बरं झालं, पुढच्या वर्षालाही होतील. पुढच्या वर्षीही ते मोठेच व्हायचे. तिसऱ्या वर्षी छाइफेंगच्या लक्षात आलं की चूक कपड्यांची नाही.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने एकदा सगळ्या लहान मुलांच्या बोटाला सुई टोचली, तेव्हा यायुनचं रक्त कमी निघालं. अंडी द्या, मटण-मांस द्या, दूध द्या, असं सांगून तो पुढच्या घरी गेला. सासूबाईंनी फोनवर हे सांगितलं ते हवापाणी सांगावं तसं. आमच्या गावची सगळी पोरं अशीच, माओलिन तरी काय मोठा होता, असं म्हणाल्या. ती तान्ही असताना दवाखान्यातून सोयाच्या पिठाच्या पुड्या फुकट मिळायच्या. तिने दोनदा थुंकल्यावर त्या पुड्या डुकराच्या पिल्लाला गेल्या. पिल्लू छान पोसलं, हेही सासूबाईंनी मोकळेपणाने सांगितलं होतं.

तेव्हापासून छाइफेंगला दुसरी काळजी उरली नाही. पोरीच्या अंगाला लागेल असं काहीतरी रोज तिच्या पोटात गेलं पाहिजे, एवढंच. ती दर महिन्याला दुधाचे खोके पाठवू लागली. लहान लहान पाकिटं, नळीने प्यायची, वर धरायला दांडी असलेला लाल खोका. पार्सल खालच्या बाजारापर्यंत यायचं, तिथून सासूबाई पाठीवरच्या टोपलीत घालून वर न्यायच्या. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी छाइफेंग प्रत्येक खोक्याच्या बाजूला जाड काळ्या पेनाने एक उगवता सूर्य आणि एक पेला काढायची. सकाळी एक. खाली मुलीचं नाव लिहायची, ते स्वतःच्या समाधानासाठी. रविवारी फोनवर चेहरा दिसायचा तेव्हा यायुनच्या हातात पाकीट असायचं, गाल आत ओढून ती नळी चोखत असायची. छाइफेंगचा आठवडा त्यावर निघायचा.

दुधासाठी रोख लागते. ठेकेदाराने कामावर घेतानाच विचारलं होतं, पगारातून समाजविम्याची कपात करू की सगळे हातात देऊ? ठेकेदारालाही त्यात स्वतःचा वाटा भरावा लागतो, म्हणून त्याने हे दोनदा विचारलं. स्वयंपाकघरातल्या बाहेरगावच्या सगळ्याजणींनी लिहून दिलं, हातात द्या. छाइफेंगनेही दिलं. म्हातारपणाची पेन्शन निंगबोत बसून कोण खाणार? आपण एक दिवस गावी जाणार, तेव्हा आज हातात येईल ते खरं. गावाकडून आलेला जवळजवळ प्रत्येकजण हेच करतो. माझ्या भावानेही केलं होतं.

मग एका शरद ऋतूत तिच्या मनात आलं की पोरीलाच इकडे आणावं. जिथे आई स्वयंपाक करते तिथेच मुलगी जेवेल, याहून सोपं काय? धीर करून ती मुख्याध्यापिकेकडे गेली. बाई सज्जन होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा दिला. घरनोंदीच्या सरकारी वहीत जे गाव, तिथलीच शाळा, हे छाइफेंगला ठाऊकच होतं. यायुनची नोंद डोंगरावरच्या घराची, आईबापांची तिथली म्हणून. निंगबोच्या वहीत नाव असलेल्यांची मुलं आधी. मग तिथे स्वतःचं घर असलेल्यांची. त्यानंतर जागा उरल्या तर बाहेरच्यांची, आणि त्यात आईबापांपैकी एकाचा तरी त्या शहरातला विमा काही वर्षं खंड न पडता भरलेला हवा.

"तुमचा किती वर्षांचा आहे?" बाईंनी विचारलं.

छाइफेंगने सांगितलं, भरलेलाच नाही.

बाई म्हणाल्या, "असं का केलंत?"

"दुधासाठी," छाइफेंग म्हणाली. बाईंना ते कळलं नाही, आणि तिनेही समजावलं नाही. स्वयंपाकघरात परत येऊन तिने माशाच्या तुकड्यांवरून बोटं फिरवायला घेतली. शेन काकांनी विचारलं, काय म्हणाल्या बाई. ती म्हणाली, चहा दिला.

माओलिनचं म्हणणं होतं की तरी आणू. बाहेरगावच्या मुलांसाठी शहराच्या कडेला खासगी बालवाड्या असतात, त्यांना वहीबिही लागत नाही. रविवारी दोघं एक बघून आले. पत्र्याच्या शेडमध्ये एकाला एक चिकटून पलंग, दुपारच्या जेवणाला शेवयांचं पातेलं, वर कोबीची चार पानं. चालवणारी बाई प्रेमळ होती, पण मुलांच्या तोंडावर पांढरट डाग होते. परतताना छाइफेंग माओलिनला म्हणाली, इथल्यापेक्षा तिकडे आजीजवळ बरी, तिथे निदान रोज सकाळी दूध तरी पिते.

ते वर्ष सरलं. नव्या वर्षाला दोघं गावी गेली.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या हाताने कोणी कुणाच्या दारात जात नाही. पूर्वी साखर, शेवया, मांसाचा तुकडा नेत. आता दुधाचा खोका नेतात. धरायला दांडी असते, रंग लाल, दिसायला भरगच्च. ज्याच्याकडे येतो तो खोका फोडत नाही, पलंगाखाली सरकवतो आणि उद्या तोच उचलून तिसऱ्याच्या घरी जातो. आमच्याही पलंगाखाली असतात, मी नाकारत नाही. एकेक खोका अर्धं गाव हिंडतो. खोके उरले तर पुढच्या लग्नाला, बारशाला, आजाऱ्याला बघायला जाताना कामी येतात.

तिसऱ्या दिवशी धाकट्या चुलत सासूबाई आल्या. हातातला खोका त्यांनी दाराशी ठेवला आणि शेकोटीशी हात शेकत बसल्या. छाइफेंग खोका उचलून आत न्यायला गेली, तर बाजूला काळ्या पेनाचा सूर्य. त्याखाली पेला. त्याखाली तिच्याच अक्षरात मुलीचं नाव.

"काकू, हा कुठून आणलात?" तिने विचारलं.

"का गं? चांगला आहे ना? गावच्या बालवर्गाच्या बाईंच्या सासूने दिला मला," काकू म्हणाल्या. "वर चित्रबित्र काढलंय, म्हटलं महागातला असेल. म्हणून तुमच्यासाठी राखून ठेवला."

माओलिन हसायला लागला. आपलं दूध आपल्यापेक्षा जास्त घरं फिरलं, असं म्हणाला. छाइफेंगने त्याच्याकडे पाहिल्यावर तो थांबला.

काकू गेल्यावर तिने सासूबाईंच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे तिचे खोके होते. काही नवे, काहींची तारीख उलटून गेलेली, सगळे सीलबंद. एकच फोडलेला. रविवारचा.

सासूबाई भट्टीवर लटकवलेलं धुरातलं मांस खाली काढत होत्या. छाइफेंगने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "आई, ती दूध पीतच नव्हती."

"रविवारी प्यायची की," सासूबाई म्हणाल्या. "तू बघायचीस ना."

"मी दाखवायला नव्हतं पाठवलं."

सासूबाईंनी मांस फळीवर ठेवलं आणि हात पुसले. पुढचं त्या बोलल्या ते छाइफेंगने मला जसंच्या तसं सांगितलं. एरवी ती सासूची नक्कल करते तेव्हा आम्ही हसतो, पण हे सांगताना तिने नक्कल केली नाही.

"तू तिकडे, तो तिकडे. गेल्या थंडीत पोरीला ताप चढला, तिला पाठीवर घेऊन मी खाली उतरले असते का? शेजारच्या माओशेंगने मोटरसायकल काढली, पावसात. त्याला दुसऱ्यांदा सांगायचं तर रिकाम्या हाताने कसं सांगू? बालवर्गाच्या बाई हिला घरी सोडतात, त्यांना नको का द्यायला? छपराचा पत्रा उडाला तेव्हा कोण चढलं वर? तुझं दूध मी माझ्या घशात नाही घातलं. एक पाकीट चाखलं नाही. तुझ्याच पोरीसाठी दिलं सगळं."

"पण तिच्या पोटात गेलं नाही ना, आई."

"दूध पाजलं असतं आणि माणसं तोडली असती," सासूबाई म्हणाल्या, "तर त्या दिवशी तू आली असतीस का निंगबोहून?"

छाइफेंग मला म्हणाली, ताई, सगळी चूक त्यांची असती तर किती बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस तिने कपडे धुतले, पाहुण्यांना वाढलं, पोरीचे केस विंचरले. मग एका संध्याकाळी, नवऱ्याचं परतीचं तिकीट काढायची वेळ आली तेव्हा तिने त्याला सांगितलं की एकच काढ. ती पोरीला घेऊन तालुक्याच्या गावी खोली करणार होती. पोरीची नोंद आमच्याच तालुक्यातली, तेव्हा इथली सरकारी बालवाडी तिला नाकारू शकत नाही, आणि इथे दुपारी जेवण असतं. निंगबोच्या तोडीचं नाही, पण अंडं असतं, मांस असतं. सकाळ-संध्याकाळचं ती स्वतः बघणार.

माओलिनने पुष्कळ समजावलं. एका पगारात दोन घरं कशी चालायची? आणि वर्षभराने पोर पहिलीत जाईल, तेव्हा गावच्या शाळेतही सरकारकडून दुपारचं जेवण मिळतंच. वर्षभराचाच तर प्रश्न आहे.

"वर्षभर तिने वाढायचं थांबवायचं का?" छाइफेंग म्हणाली.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी धुरातल्या मांसाचा मोठा तुकडा आणि भुशात बसवलेली अंडी टोपलीत भरून दिली, आणि बस वळते तिथपर्यंत टोपली स्वतःच्या पाठीवर आणली. कोणाला काही द्यायचं असेल तर यातून देऊ नकोस, असं बजावलं.

तर अशी ती आमच्या मागे राहायला आली. निंगबोच्या स्वयंपाकघरातून तिने रजा टाकली होती, नोकरी सोडली नव्हती. शेन काकांनी जागा वसंत संपेपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. सकाळी मुलीला सोडून ती कोपऱ्यावरच्या तांदळाच्या शेवयांच्या दुकानात दुपारपर्यंत कामाला जाते. दुकानदारीण तिला भांडी घासायला ठेवते, पण गर्दी झाली की चिरायलाही बोलावते.

तिला वाटलं होतं की खायला मिळालं की पोर खाईल. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी तिने हाडांचं सूप केलं, मांस अगदी मऊ होईपर्यंत. यायुनने भाताच्या वाडग्यात रस्सा ओतून घेतला, चॉपस्टिकने मांसाचे सगळे तुकडे उचलून एकेक करून आईच्या वाडग्यात टाकले, आणि भात ओरपून मोकळी झाली. छाइफेंगने परत घातले, तिने परत काढले. आमच्या डोंगरी गावांत अजून असंच चालतं. सगळा कस रश्शात उतरतो, तो पोरांचा. उरला चोथा मोठ्यांनी, कष्ट करणाऱ्यांनी खायचा. पोर हट्ट करत नव्हती, उलट ती शहाण्यासारखं वागत होती. तिला शिकवलेलं इमानाने पाळत होती.

बालवाडीतही तेच. बाईंनी सांगितलं, तुमची मुलगी वाटीतलं मांस शेजारच्या मुलाला देते आणि तो घेतो. तो मुलगा तसा आधीच गुटगुटीत.

आम्ही जिन्यावरच्या सगळ्याजणी सल्ला द्यायला पुढे. कोणी म्हणालं रागवा, कोणी म्हणालं बारीक करून लपवून घाला. मी म्हटलं गोष्ट सांग. छाइफेंगने सगळं करून पाहिलं. खिमा पिठाच्या पोळीत भरला, तर पोरीने पोळी सोलून खाल्ली. मध्यंतरी दवाखान्यात नेऊन तिने बोटाला सुई टोचवून घेतली. रक्त थोडं वर आलं होतं, अंड्यांमुळे असेल. उंचीचं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आधीच्या वर्षांचं सगळं भरून येईलच असं नाही, पण इथून पुढचं तुमच्या हातात आहे, आणि जेवणात खंड पडू देऊ नका.

खंडाचं ऐकून तिला शेन काकांची आठवण झाली असावी, कारण त्या आठवड्यात ती दोनदा मला म्हणाली, वसंत संपत आला. निंगबोचा पगार इथल्या तिप्पट. माओलिनचं काम मंदावलं होतं, फोनवर तो आता समजावत नसे, नुसता विचारत असे, तुझं काय ठरलं. एकदा ती मला म्हणाली, पोरीला इथेच कुणाकडे तरी जेवायला ठेवून गेले तर? मी तयार होते, तसं बोललेही. ती मान हलवून म्हणाली, बघते.

एका संध्याकाळी मी तिला मुळे द्यायला गेले होते. मायलेकी टेबलाशी होत्या, मध्ये वाफाळतं सूप. फोन वाजला. शेन काका. छाइफेंगने हात चिकट म्हणून फोन टेबलावरच ठेवून बोलायला घेतलं, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. इकडे मुलं वाढली आहेत, काटे काढायला माणूस नाही, मला नवी शोधायला लावू नकोस, या महिन्यात येतेस का सांग, असं ते म्हणत होते. रागावून बोलत होते, पण त्यांना ती हवी होती हे कळत होतं.

यायुनची चॉपस्टिक हवेत थांबली होती. ती आईकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

छाइफेंगने तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाली, "नाही, शेन काका. तुम्ही दुसरी बघा."

"नंतर पस्तावशील. जागा राहणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नव्या बाईला सांगा, बोटं फिरव म्हणून."

फोन बंद झाला. मी मुळे हातात घेऊन दारातच उभी होते.

"उद्या कोण करणार जेवण?" यायुनने विचारलं.

"मी."

"परवा?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

पोरीने थोडा विचार केला. मग वाडग्यातला मांसाचा तुकडा उचलला. सवयीने तिचा हात आईच्या वाडग्याकडे गेला, तिथपर्यंत जाऊन परत आला, आणि तिने तो तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. चरबीचा भाग बोटाने काढून टेबलाच्या कडेला ठेवला. छाइफेंगने तो उचलून खाल्ला आणि मला म्हणाली, "ताई, मुळे तिथे खाली ठेवा, आणि बसा, भात आहे अजून."